सेकंदाला पन्नास, साठ नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहानपणीचे व्हिडिओ गेम घरच्या संगणकावर पुन्हा कसे खेळता येतात, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. लेख मला आवडला. या विषयावर मराठीत सरळ भाषेत फार कोणी लिहीत नाही, ते लेखकाने लिहिले. पण त्यात एक वाक्य आहे, की इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळ अगदी पूर्वीसारखा, हुबेहूब चालतो. जपानमध्ये किंवा अमेरिकेत लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसासाठी ते खरे असेल. इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माझ्या भावासाठी ते खरे नव्हते, आणि आपले वाचकही त्याच्यासारखेच दूरदर्शन पाहत वाढलेले आहेत. लेख येण्याआधीपासून मीही हेच धरून बसले होते आणि त्यापायी दादावर तीन आठवडे अन्याय केला. म्हणून हे पत्र. लांबले आहे. कापावे लागलेच तर आमच्या घरचे कापा, सेटिंगचे कापू नका.

मी बावीस वर्षे एका शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. लायसन्ससाठी पैसे नव्हते म्हणून आमची प्रयोगशाळा फार पूर्वीच विंडोज सोडून फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर आली, आणि बंद पडलेले चालू करणे हेच माझे रोजचे काम. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नोकरी हिशेबनिसाची, पण लोक ओळखतात पेटीमुळे. गल्लीच्या गणपतीत आणि भजनी मंडळात पेटीवर तोच असायचा. गेल्या श्रावणात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे दोन-तीन शब्दांवर आले. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, बोटे कामात ठेवा, त्यांना आवडेल ते करू द्या. आम्ही पेटी पुढे ठेवली. त्याने मान फिरवली. ज्या हातांनी इतकी वर्षे वाजवले ते अडखळताना ऐकणे त्याला नको होते. काही दिवसांनी तोच म्हणाला, ‘टँक.’

१९९३ च्या दिवाळीत बाबांनी जेल रोडवरून व्हिडिओ गेम आणला होता. निन्टेन्डोचे फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आले, त्याची ही नक्कल. वर साठ पिनांची कॅसेट खोचायची, टीव्हीची अँटिनाची वायर काढून याची लावायची आणि चॅनेलचे बटण फिरवत बसायचे. रणगाड्यांचा खेळ आमचा सर्वांत लाडका. विटांच्या भिंती फोडत शत्रूचे रणगाडे उडवायचे आणि खाली मध्यभागी बसलेला आपला गरुड सांभाळायचा. दोघांना एकाच वेळी खेळता येई, त्यामुळे भांडण नसे. दादाचा रणगाडा पिवळा, माझा हिरवा. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता, त्यामुळे माझा रणगाडा हिरवा होता हे मला यंदा, तीस वर्षांनी कळले.

यंत्र कधीच मोडीत गेले. कॅसेट मात्र माळ्यावर आजीच्या ट्रंकेत सापडली.

घरात २०१२ चा एक डेस्कटॉप पडून होता. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हा दुकानदाराने हा भंगारात द्या म्हणून सांगितले होते. मी त्यात छोटी एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवली आणि लिनक्स मिंट घातले. चार जीबी रॅमवर उत्तम चालतो. ज्या चिपची नक्कल करायची तिचा वेग १.८ मेगाहर्ट्झसुद्धा नाही, त्यामुळे या कामाला मोठा संगणक लागतच नाही. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एफसीईयूएक्स हा इम्युलेटर फुकट मिळतो. तुमच्या लेखात ही एक गोष्ट नीट सांगितली आहे, ती पुन्हा सांगण्यासारखी आहे: इम्युलेटर म्हणजे यंत्र, त्यात खेळ नसतो. खेळावर मालकी हक्क असतो. आमच्याकडे कॅसेट होती, म्हणून मी तीच वाचून घ्यायचे ठरवले.

माझा एक जुना विद्यार्थी इथेच इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे अशा कॅसेट वाचणारा, घरी जोडलेला बोर्ड आहे. कॅसेटच्या पिना आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. लहानपणी आपण सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारायचो. त्या फुंकरीतली ओल पिनांना गंज चढवते, तेवढे आता कोणी करू नये. वाचलेली फाइल आली, पण इम्युलेटर ती उघडायलाच तयार नाही. आकार पाहिला: बरोबर २४,५७६ बाइट. म्हणजे १६ किलोबाइट प्रोग्राम आणि ८ किलोबाइट चित्रे. सगळा माल आला होता, पण वरची चिठ्ठी नव्हती. अशा फाइलच्या सुरुवातीला सोळा बाइटची एक चिठ्ठी लागते. तिच्यात पहिली तीन अक्षरे एन, ई, एस, मग एक खुणेचा बाइट, मग प्रोग्रामचे तुकडे किती, चित्रांचे किती, कॅसेटमधली जोडणी कोणत्या प्रकारची. आमची कॅसेट सर्वांत साध्या जातीची, त्यामुळे एक, एक आणि बाकी शून्ये. ते सोळा बाइट हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हाताने लिहिले, फाइल २४,५९२ झाली आणि पडदा उजळला.

आवाज कडकडत होता, तो आवाजाचा बफर, म्हणजे आगाऊ साठा, वाढवून थांबला. यूएसबीचा स्वस्त पॅड लिनक्सने लगेच ओळखला, फक्त इम्युलेटरच्या इनपुट खिडकीत प्रत्येक बटण एकदा दाबून दाखवावे लागले. पॅड मी पोळपाटाएवढ्या फळीवर पट्ट्यांनी बांधला, म्हणजे दादाने डाव्या हाताने दिशा द्यायची आणि उजव्या हाताच्या बोटाने फक्त गोळी झाडायची. बाईंना हवे होते ते नेमके हेच.

आणि पहिल्याच दिवशी दादा म्हणाला, ‘पळतंय.’

मला वाटले, सवय नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खेळ सुरू होताना एक छोटी धून वाजते, ती वाजली की तो डाव्या हाताने फळीवर थापटायचा आणि मान हलवायचा. नाही, नाही. ‘पळतंय.’

मी माझ्या पद्धतीने तपासले. इम्युलेटरमध्ये सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा पडद्यावर आणला: ६०.१. मूळ जपानी यंत्राचा वेग हाच आहे. मॉनिटर ७५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा पडदा रंगवण्यावर, लागला असेल तर काही ठिकाणी खेळ त्याच्यामागे धावतो, म्हणून ते पाहिले. मॉनिटर ६० वरच होता. वेग वाढवणारी कळ अडकली असेल म्हणून कीबोर्ड बदलला. कुठेही काही नाही. मग मी दादाला सांगितले, ‘दादा, मशीन बरोबर आहे रे.’

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हटले, ‘डॉक्टर म्हणालेच होते, यांना सगळं भरभर वाटेल म्हणून.’ मला ते पटले. सगळ्यांनाच पटले. त्याचा मेंदू मंदावला आहे म्हणून त्याला जग पळताना दिसते, असे आम्ही आपापसात ठरवून टाकले, आणि तो समोर बसलेला असताना त्याच्याशी जरा मोठ्या, सावकाश आवाजात बोलू लागलो. त्याने खेळणे सोडले. फळी कपाटामागे गेली. हे लिहिताना मला अजून लाज वाटते.

पण ते थापटणे माझ्या डोक्यातून जात नव्हते. तो चुकत नव्हता. रोज तोच ठेका, तितकाच सावकाश. ज्याला सगळेच भरभर वाटते तो रोज एकच लय कशी धरील? लयीचा माणूस आहे तो.

ज्या ट्रंकेत कॅसेट मिळाली तिच्यातच टेपरेकॉर्डरच्याही काही कॅसेट होत्या. एकीवर बाबांच्या अक्षरात ‘आईच्या ओव्या, रंगपंचमी १९९४’. मला ती दुपार आठवते. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून आम्ही दोघे रंगलेल्या हातांनी घरी आलो होतो. पुढच्या खोलीत बाबा आजीच्या ओव्या टेप करत होते, आणि आम्ही आई सांगत असतानाही हात न धुता आतल्या खोलीत गेम लावला होता. शाळेतून टेप डेक आणून तो तारेने संगणकाला जोडला आणि ऑडॅसिटी या आवाज नोंदवणाऱ्या प्रोग्रामात सगळी टेप उतरवून घेतली. आजीच्या आवाजामागे आतल्या खोलीतून ती धून दोनदा ऐकू येते. मग मी ओरडते, ‘दादा, गरुड!’ मग आजी ओवी थांबवून म्हणते, ‘अरे, तो डबा जरा हळू करा.’

धून मोजली. टेपवर पाच सेकंदांच्या किंचित आत. इम्युलेटरवर चारच्या किंचित वर.

जुनी टेप हळू फिरत असेल, ही शंका मलाही आली. पण टेप हळू फिरली तर सूरही उतरतो. म्हणून मी पेटीवरचे फडके काढले आणि धुनेचा पहिला स्वर शोधू लागले. मला पेटी येत नाही. एका हाताने भाता, एका बोटाने चाचपडणे. आवाज ऐकून दादा काठी टेकत दारात आला. काही वेळ उभा राहिला. मग येऊन माझ्या शेजारी बसला आणि डाव्या हाताने भाता ओढून घेतला. तो भाता मारत होता, मी पट्ट्या दाबत होते. टेपवरचा स्वर सापडला. मग संगणकावरची धून लावली. तीच पट्टी. सूर तोच आणि लय मात्र सावकाश, म्हणजे दोष टेपचा नव्हता. खेळच तेव्हा सावकाश चालत असे. दादा म्हणत होता ते शब्दशः खरे होते.

कारण सापडल्यावर इतके साधे वाटले, की मी कपाळावर हात मारला. आपली वीज ५० हर्ट्झची. आपला टीव्ही पाल पद्धतीचा. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत दूरदर्शन आले तेही याच पद्धतीने. हा टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवतो, जपानचा आणि अमेरिकेचा साठ वेळा. त्या काळच्या या खेळांना स्वतःचे वेगळे घड्याळ नसे. टीव्हीचा पडदा एकदा रंगवून झाला की रणगाडा एक पाऊल पुढे, धुनेचा एक कण पुढे. साठाच्या जागी पन्नास झाले की सगळा खेळ सहास पाच या प्रमाणात सावकाश. आम्ही आणि इंदूरच्या ज्या-ज्या घरी असा डबा होता तिथल्या मुलांनी तो खेळ मुळात सावकाशच पाहिला. इम्युलेटर मात्र आपण काही सांगितले नाही तर जपानी-अमेरिकी साठ धरतो. तुमच्या लेखातले ‘हुबेहूब’ इथे चुकते.

इम्युलेशनच्या मेनूत रीजन (प्रदेश) नावाचा पर्याय आहे. त्यात एनटीएससी, म्हणजे साठवाली जपानी-अमेरिकी पद्धत, होते, ते मी पाल केले. दादाला बोलावले, काही न सांगता खेळ सुरू केला. धून वाजली. त्याचा हात फळीवर पडला तो बरोबर ठेक्यावर. चेहरा उजळला. आणि लगेच कपाळावर आठी. पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘लय बरोबर. पट्टी उतरली.’

झटक्यानंतर तो एका दमात बोललेले हे सर्वांत लांब वाक्य होते, आणि तेही अचूक होते. पेटीवर पाहिले तर धून एका पट्टीहूनही थोडी अधिक खाली गेली होती.

यामागेही हिशेब आहे. पाल टीव्हीसाठीच्या यंत्रात मुख्य घड्याळ २६.६ मेगाहर्ट्झचे असते. निन्टेन्डोने युरोपसाठी केलेले अस्सल यंत्र त्याला सोळाने भागते, म्हणून चिप १.६६ मेगाहर्ट्झवर चालते. जपानी यंत्राची चिप १.७९ वर चालते. सूर चिपच्या वेगावर ठरतो, म्हणून युरोपी यंत्रात लय आणि सूर दोन्ही उतरतात. नक्कल करणाऱ्यांना जपानी कॅसेट जशाच्या तशा चालवायच्या होत्या. त्यांनी सोळाऐवजी पंधराने भागले. चिप १.७७ वर आली, म्हणजे जपानी वेगाच्या अगदी जवळ. त्यामुळे या नकली यंत्रांत सूर जपानी राहिला, लय मात्र आपल्या टीव्हीची झाली. अशा यंत्रांपैकी डेंडी नावाचे एक १९९२ साली रशियात विक्रीला आले आणि तिथे घरोघरी गेले. इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी या तिसऱ्या प्रकाराला त्याचेच नाव दिले आहे. रीजनच्या यादीत एनटीएससी आणि पालच्या खाली डेंडी दिसते. ते मी आठवडाभर रोज पाहत होते आणि काहीतरी रशियन असेल म्हणून सोडून देत होते.

डेंडी केले. धून वाजली. दादा काही बोलला नाही. त्याने फळी पुढे ओढली आणि दुसऱ्या पॅडकडे मान हलवून मला बसायला सांगितले.

एक अडचण उरली, तीही सांगते, कारण वाचकांनाही ती येईल. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला पन्नास चित्रे दाखवायची तर दर पाचांतले एक दोनदा दाखवावे लागते आणि रणगाडा बारीक हिसके देत चालतो. आम्ही संगणक एचडीएमआयने दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला. बहुतेक टीव्ही ५० हर्ट्झ घेतात. लिनक्समध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० निवडला की झाले. टीव्हीत गेम मोड असेल तर तोही लावावा, नाहीतर बटण दाबल्यावर गोळी क्षणभर उशिरा सुटते. दादाने हेही आधी ओळखले, आणि या वेळी मी वाद घातला नाही. प्लेस्टेशनसारख्या डिस्कवरच्या खेळांना हा गोंधळ सहसा नसतो, कारण डिस्कवरच प्रदेशाची नोंद असते आणि इम्युलेटर ती वाचतो. हे सगळे जुन्या कॅसेटवाल्या खेळांपुरते आहे.

आता रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा आमचा खेळ असतो. वहिनी शेजारी भाजी निवडत बसतात आणि गरुडावर लक्ष ठेवतात. गेल्या रविवारी आम्ही अकराव्या फेरीपर्यंत पोचलो. दादाचे उजवे बोट अजून प्रत्येक वेळी उठत नाही, पण उठते तेव्हा वेळेवर उठते. पेटीला त्याने पुन्हा हात लावलेला नाही. तिच्यावर फडके मात्र आता आम्ही घालत नाही.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, चार ओळींची दुरुस्ती छापावी: ज्यांनी आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळला आहे, त्यांनी इम्युलेटरमध्ये रीजन बदलून पाहावा, लय सावकाश आणि सूर मूळचा हवा असेल तर डेंडी निवडावे. ज्या घरांत कोणी वडीलधारे ‘हा तो खेळ नाही’ म्हणून पॅड खाली ठेवत असेल, तिथे ती आधी वाचून दाखवली जावी असे मला फार वाटते. आणि दुरुस्ती छापताना ‘डेंडी’ हा शब्द कृपया तसाच ठेवावा. त्याचे मराठी केले तर मेनूत कोणाला सापडणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक
रामबाग, इंदूर
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, छापू नये.)